व्हिनिअरचं फर्निचर पुसायचं कसं आणि सांभाळायचं कसं: नागपूरच्या घरांसाठी पूर्ण माहिती

फ्लॅटचं इंटिरिअर झालं, सुतार हिशोब घेऊन गेला, बैठकीत सागवानी टीव्ही युनिट मस्त चमकून राहिलं, पण ते पुसायचं कशानं हे कोणीच सांगून गेलं नाही. मग घरात जो जे सुचेल ते करतो, कोणी फरशीचाच ओला फडका फिरवतं, कोणी काचेचा स्प्रे मारतं, कोणी खोबरेल तेल चोळतं, आणि दोन पावसाळ्यांत कडा उचलायला लागल्या की बोल सुतारावर जातो. बरेचदा माल चांगलाच असतो हो, पुसण्यानं खराब होतो. आमच्याकडे महालातल्या जुन्या घरातून आलेलं स्पिरीट पॉलिशचं कपाट आहे आणि नवीन पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचं युनिट पण आहे, दोन्ही सांभाळताना लकडगंजातल्या दुकानदारांना आणि पॉलिशवाल्यांना विचारून विचारून जे कळलं ते सगळं इथं लिहिते, म्हणजे तुम्हाला दहा लोकांचे दहा सल्ले ऐकत बसावं लागणार नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तुमचा हात लाकडाला लागतच नाही, तो लागतो पॉलिशला. पॉलिशच्या खाली खऱ्या लाकडाचा पापुद्रा, त्यालाच व्हिनिअर म्हणतात, आजकालच्या मालात साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, आणि त्याच्या खाली प्लाय नाहीतर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेला बोर्ड. बाजारात ४ मिलिमीटरचा व्हिनिअर शीट मिळतो त्यातही खरं लाकूड तेवढंच असतं, बाकी प्लायचा बेस. भरीव सागवानाचा पाट खराब झाला तर रंधा मारून परत नवा करता येतो, इथं ती सोय नाही. म्हणून पॉलिश शाबूत ठेवणं आणि पाणी आत जाऊ न देणं, सगळी काळजी या दोनच गोष्टींची आहे.

१. आधी ओळखा, व्हिनिअर आहे की सनमायका

हे वाटतं तितकं सोपं नाही कारण आजकाल सनमायका पण लाकडासारखाच दिसतो, वरून खरखरीत टेक्श्चर पण असतं. युनिटच्या दोन-तीन दारांकडे नीट बघा. सनमायकावर डिझाइन छापलेलं असतं म्हणून तीच गाठ, तीच रेष ठराविक अंतरावर हुबेहूब परत येते. व्हिनिअरमध्ये शेजारच्या दोन पट्ट्या आरशातल्यासारख्या जुळवलेल्या असू शकतात पण बारकाईनं बघितलं तर थोडा फरक असतोच. कडेला पण बघा, भरीव लाकडात वरची रेष कडेवरून खाली उतरते, व्हिनिअरमध्ये कडेला वेगळी लाकडी पट्टी मारलेली असते आणि वरची रेष तिथंच थांबते. दाराचं बिजागर जिथं बसवलं ती खाच बघितली तर कधीकधी प्लायचे थर सरळ दिसतात.

सनमायका निघाला तर हा लेख तुम्हाला फारसा लागायचा नाही, तो ओल्या फडक्यानं बिनधास्त पुसा, फक्त जोडांमध्ये पाणी मुरू देऊ नका.

२. पॉलिश कोणतं ते शोधून काढा

ही पायरी लोक सोडून देतात आणि अर्धा घोटाळा इथूनच सुरू होतो. सुतार किंवा इंटिरिअरवाला अजून फोन उचलत असेल तर सरळ विचारून घ्या, मेलामाइन मारलं की पीयू की लॅकर की स्पिरीट पॉलिश. तो सापडत नसेल तर घरीच तपासा, पण तपासायचं मागच्या बाजूला किंवा तळाला, जिथं पॉलिश आहे पण दिसत नाही अशा जागी.

कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब स्पिरीट घ्या आणि अर्धा मिनिट टेकवून ठेवा. जागा चिकट झाली, बोळ्यावर तपकिरी रंग आला तर ते स्पिरीट पॉलिश, म्हणजे चपडा लाख स्पिरीटमध्ये विरघळवून मारलेलं. जुन्या कपाटांवर बहुतेक हेच असतं. स्पिरीटनं काही झालं नाही तर शेजारच्या जागी तसंच थिनर लावून बघा, मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हीनं काहीच नाही झालं तर मेलामाइन किंवा पीयू, ही दोन्ही कडक आणि जास्त सहन करणारी. नखानं खरवडल्यावर मेणासारखं काही निघालं तर वरून वॅक्स पॉलिश पण मारलेलं आहे.

हे एवढं का सांगून राहिले? कारण स्पिरीट पॉलिश सगळ्यात नाजूक आहे. गरम चहाचा कप ठेवला तरी पांढरा डाग, हाताला लावायचं सॅनिटायझर सांडलं तरी पॉलिश विरघळतं कारण त्यात अल्कोहोलच असतं, आणि सोड्यासारख्या कडक क्षारानं पण ते निघून येतं. पीयूला यातल्या बऱ्याच गोष्टी चालून जातात. शेजारच्या काकूंनी सांगितलेला उपाय त्यांच्या टेबलाला चालला आणि तुमच्या टेबलाला नाही चालला, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

३. सामान जमवून ठेवा

फार काही लागत नाही, आणि महाग तर काहीच नाही:

– जुन्या सुती धोतराचे किंवा बनियनचे मऊ तुकडे, तीन-चार, हे फक्त फर्निचरसाठी. बटण, चेन, जाड शिवण असलेला कपडा नको.
– एक मायक्रोफायबरचा फडका.
– मऊ ब्रश, रंगाचा नवा ब्रश चालतो, कोरीव काम आणि खाचांसाठी.
– बिनरंगाचा सौम्य लिक्विड साबण.
– आरओचं पाणी. बोअरचं पाणी बऱ्याच भागात जड आहे, त्याचे पांढरे ठिपके काळपट पॉलिशवर लगेच दिसतात.
– खुर्च्या, शोपीस यांच्या खाली लावायला फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या मऊ जाड कापडाच्या गोल टिकल्या.
– लहानसा हायग्रोमीटर, हवेतला ओलावा दाखवणारा. हा असेल तर उत्तम, नसेल तरी काम अडत नाही.
– दुरुस्तीसाठी फेविकॉल, मेडिकलमधली जाड सुईची सिरिंज, धारदार ब्लेड, बटर पेपर, मास्किंग टेप.

आणि कागदपत्रं म्हणाल तर प्लाय आणि व्हिनिअरचं बिल, शीटच्या मागच्या स्टिकरचा फोटो, पॉलिशच्या डब्याचा फोटो. काम चालू असतानाच घेऊन ठेवा, नंतर कोणाकडेच मिळत नाही. बिलावर प्लाय आयएस (भारतीय मानक) ३०३ चा आहे की आयएस ७१० चा तेही बघून घ्या. ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला जास्त टिकणारा, ३०३ साधा. किचनजवळच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या युनिटची किती काळजी घ्यायची ते यावरून कळतं.

४. कोरडं पुसणं

नागपुरात धूळ किती असते ते वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात तर सकाळी पुसलं की संध्याकाळी परत बोट उमटतं. ही धूळ बारीक वाळूच असते. कोरडा खरखरीत फडका जोरात दाबून फिरवला की ती पॉलिशवर घासली जाते आणि वर्षभरात चमक जाऊन धूसर होतं. म्हणून फडका हलका धरायचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच फिरवायचा, गोल गोल नाही, आणि मधे मधे बाहेर झटकून यायचा. एक दिवसाआड एवढं केलं तरी पुष्कळ.

कड कुठं उचललेली असेल तर फडका आधी तिथं नेऊ नका. धागा अडकतो, आपण ओढतो आणि व्हिनिअरची चकती निघून हातात येते. तिथं फक्त ब्रश. कामाच्या ताईंना पण ती जागा बोट ठेवून दाखवा, नुसतं "सांभाळून पुसा" म्हटल्यानं कोणाला काही कळत नाही.

५. ओलं पुसणं

महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. लिटरभर कोमट आरओच्या पाण्यात साबणाचे चार-पाच थेंब. फडका बुडवून इतका पिळायचा की परत पिळला तर थेंब पडू नये. एका वेळेस हातभर जागा घ्या, पुसा, लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं साबण काढा, आणि तिसऱ्या फडक्यानं कोरडं करा, मगच पुढची जागा. अख्खं युनिट ओलं करून "वाळेल आपोआप" म्हणून सोडायचं नाही. पाणी जोडांतून, कडेच्या पट्टीखालून आत जातं आणि खाली एमडीएफ असेल तर तो एकदा फुगला की परत बसत नाही.

हँडल आणि स्विचच्या आसपास हाताचं तेल, मळ जमून काळं दिसतं, तिथं हाच साबणाचा फडका दोन-तीनदा फिरवा. घासणीची गरज पडत नाही.

६. या गोष्टी अजिबात लावू नका

काचेचा स्प्रे, फिनाइल, ब्लीच, व्हिनेगर, लिंबू, हिरवी घासणी, सोडा, वाफेचं मशीन. "मॅजिक" म्हणून पांढरा स्पंज मिळतो तो पण नको, तो खरं तर बारीक काचकागदासारखाच घासतो.

खोबरेल तेल, मोहरीचं तेल, लिंबू आणि ऑलिव्ह तेलाचं मिश्रण, हे सगळं व्हिडिओत फार दिसतं. लावलं की त्या दिवशी सुंदर दिसतं हे खरं आहे. पण ही तेलं वाळत नाहीत, वर चिकट थर राहतो, त्यावर आपली धूळ बसते आणि दोन महिन्यांत तेच फर्निचर मळकट होतं. पीयू किंवा मेलामाइनच्या आत तर तेल जातच नाही, त्यामुळे "लाकडाला पोषण मिळतं" या म्हणण्याला काही अर्थ नाही.

चमक आणणाऱ्या स्प्रेच्या डब्यावर सिलिकॉन लिहिलं असेल तर घेऊच नका. आज काही वाटणार नाही, पण पुढं कधी नवीन पॉलिश मारायला घेतलं की सिलिकॉनमुळे ते धरत नाही, गोल गोल खड्डे पडतात आणि पॉलिशवाल्याचं काम दुप्पट होतं.

वॅक्स लावायचंच असेल तर ते जुन्या स्पिरीट पॉलिशच्या सामानाला. वर्षातून एक-दोनदा, अगदी पातळ, पंधरा-वीस मिनिटांनी मऊ कापडानं चोळून काढायचं. पीयूला वॅक्सची गरज नाही.

७. कूलर, ऊन आणि पावसाळा

बाहेरच्या साइटवर लिहिलेल्या टिप्स इथं कमी पडतात त्या याच कारणानं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कडक दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोच ८० च्या पुढं. लाकडानं ओलावा घेतला की ते आडवं पसरतं आणि सुकलं की आकसतं. प्लायचे थर उलटसुलट चिकटवलेले असतात म्हणून तो फारसा हलत नाही, पण वरच्या पापुद्र्याला हलायचं असतं, आणि ही सगळी ओढाताण मधल्या गोंदावर येते. केसासारख्या बारीक चिरा, कडा उचलणं, फुगे, सगळं यातूनच.

त्यात आपला कूलर. बाहेर कोरडी भट्टी आणि आत कूलरसमोर दमट हवा. कूलर चालतोच मुळी ओल्या ताट्यांमधून हवा ओढून, म्हणजे तो खोलीत सतत बाष्प सोडत असतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं नसेल तर ते बाष्प घरातच कोंडतं, थंडावा पण कमी होतो आणि फर्निचर पण भिजतं. म्हणून:

कूलरचा झोत थेट व्हिनिअरच्या दारांवर येऊ देऊ नका, पाती वळवा नाहीतर कूलरची जागा बदला. कूलरच्या तोंडासमोर बारीक तुषार येत असतील तर पंपाचं पाणी जास्त सुटून राहिलं किंवा ताटी नीट बसली नाही, ते आधी दुरुस्त करा. हवा बाहेर जायला दुसऱ्या बाजूची खिडकी चार बोटं तरी उघडी ठेवा. आणि पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा, त्या दिवसांत कूलरनं थंडावा येत नाही, फक्त ओल वाढते. हायग्रोमीटर घेतला असेल तर ४० ते ६० च्या मधे आकडा राहिला की निश्चिंत राहा. आपल्याकडे वर्षभर तो राहणार नाही, पण झटकन चढउतार होऊ नये एवढं आपण नक्की करू शकतो.

पश्चिमेच्या खिडकीचं ऊन हा दुसरा शत्रू. अक्रोडाचा व्हिनिअर उन्हानं फिका पडतो, काही लाकडं उलट गडद होतात, सागाचा पण रंग बदलतो. दुपारी पडदा ओढून ठेवा. नवीन युनिटवर पहिले काही महिने फोटोफ्रेम, शोपीस एकाच जागी ठेवून देऊ नका, अधूनमधून सरकवा, नाहीतर उचलल्यावर खाली वेगळ्या रंगाचा ठसा राहतो.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट असेल तर दोन-तीन इंच पुढं ओढून घ्या, मागं हवा खेळू द्या. फिक्स युनिट असेल तर निदान आतल्या मागच्या पाटाला हात लावून गार-ओलसर लागतं का ते बघत चला, आणि ओल असेल तर फर्निचरवर उपाय करण्याआधी भिंतीचं काम करून घ्या. खाली पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर ती कीड आहे, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. यात घरगुती उपायांनी वेळ घालवू नका, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

सणासुदीचं पण बोलून घेऊ. महालक्ष्म्या बसवताना टेबलावर, साइडबोर्डवर कलश, पाण्याचे तांबे, समया असतात. खाली जाड कापड आणि त्यावर ताट ठेवा, तांब्याखाली ओल जमते ती दिसत नाही. सजावट सेलोटेपनं व्हिनिअरला चिकटवू नका, काढताना पॉलिशचा पापुद्रा सोबत येतो. प्लास्टिकचं टेबलक्लॉथ कायमचं पसरून ठेवणं पण वाईटच, खाली ओल अडकते आणि प्लास्टिक पॉलिशला चिकटतं. सेटटॉप बॉक्स, स्पीकरच्या रबरी पायांचे पण असेच डाग पडतात, तिथं फेल्ट लावा.

८. डाग पडला तर

पहिली गोष्ट, टिपायचं, चोळायचं नाही. तर्रीचा थेंब, चहा, हळदीचं पाणी, काहीही सांडलं की सुती कापड वर दाबून शोषून घ्या, मग साबणाचा पिळलेला फडका. हळद जितकी लवकर तितकं बरं.

ग्लासचं पांढरं वर्तुळ दिसलं म्हणजे ओल किंवा उष्णता फक्त पॉलिशमध्ये गेली आहे, लाकूड ठीक आहे. घाई करू नका, एक-दोन दिवस कोरड्या हवेत सोडा, बरेचदा आपोआप फिकं होतं. नाही गेलं तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर लांबून, हलवत हलवत. किंवा रात्रभर पेट्रोलियम जेली लावून सकाळी पुसून घ्या. यापुढं जाऊ नका.

वर्तुळ काळं असेल तर पाणी लाकडापर्यंत पोहोचलं. लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि पाण्यातलं किंवा भांड्यातलं लोखंड मिळून हा रंग होतो, वरून कितीही पुसा तो जाणार नाही. त्यासाठी पॉलिश काढून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं काम करावं लागतं, ते विषारी आहे आणि व्हिनिअर पातळ, हे अनुभवी माणसालाच करू द्या. घरी काचकागद घेऊन बसू नका, हे हात जोडून सांगते. अर्धा मिलिमीटर लाकूड हातानं घासून पण बघता बघता संपतं, आणि एकदा खालचा प्लाय दिसला की तो अख्खा पाट नव्यानं लावण्याशिवाय इलाज नाही.

९. फुगा आला किंवा कड उचलली

नखानं टकटक करत जा. जिथं पोकळ आवाज येतो तिथं गोंद सुटला आहे, डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं. लवकर पकडलं तर काम लहान.

कड उचलली असेल तर आधी ब्रशनं आतली धूळ काढा. बटर पेपरच्या पट्टीवर किंवा ब्लेडच्या पाठीवर फेविकॉल घेऊन आत सारा, बोटानं दाबा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसा कारण वाळला की तिथं पुढं पॉलिश धरत नाही. वर बटर पेपर, त्यावर प्लायचा सपाट तुकडा, आणि क्लॅम्प किंवा वजन. २४ तास हात लावू नका. नुसती मास्किंग टेप लावून दिवस काढायचे असतील तर दोन-चार दिवस ठीक, जास्त दिवस ठेवली तर तीच पॉलिश ओढते.

मधोमध फुगा असेल तर ब्लेडनं रेषेच्याच दिशेनं बारीक चीर द्यायची, आडवी कधीच नाही, आडवी चीर कायम दिसते. फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, सिरिंजनं चिरेतून दोन्ही बाजूंना सोडा, बोटानं दाबून पसरवा, जास्तीचा बाहेर काढून पुसा आणि वरच्यासारखंच वजन. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करायला घेऊ नका, व्हिनिअर तेव्हा फुगलेलं असतं आणि गोंद पण नीट वाळत नाही, दिवाळीनंतरची हवा सगळ्यात चांगली.

इस्त्री फिरवून फुगा बसतो असं लोक सांगतात. बसतो कधीकधी, कारण जुना सरेस (जनावराच्या कातडी-हाडांचा गोंद) आणि फेविकॉल दोन्ही उष्णतेनं मऊ होतात. पण स्पिरीट पॉलिशवर इस्त्री ठेवली तर पॉलिशच पांढरं पडेल, कापडाला चिकटेल. मेलामाइन किंवा पीयू असेल तरच, मध्यम उष्णतेवर, मधे बटर पेपर आणि सुती कापड घालून, आठ-दहा सेकंद, मग गार होईपर्यंत लाकडाच्या ठोकळ्यानं दाबून धरा. आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा.

टवका निघाला तर तो फेकू नका हो, पाकिटात ठेवा. तोच परत चिकटवला तर जोड शोधावा लागतो, दुसरा तुकडा आणला की लांबूनच कळतो.

१०. पॉलिशवाल्याला बोलवायचं ठरलं तर

चमक पूर्ण गेली, जागोजागी पॉलिश उडालं, मोठे काळे डाग, हे घरचं काम नाही. पण बोलवताना आधी विचारा, जुनं पॉलिश कसं काढणार? "मशीननं घासून काढतो" असं लगेच उत्तर आलं तर त्याला व्हिनिअर आहे हे सांगा आणि दुसरा माणूस बघा. आमच्या ओळखीच्या एका घरी भरीव लाकूड समजून मशीन चालवलं आणि डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर प्लाय उघडा पडला. हातानं, बारीक पेपरनं, कडांवर टेप लावून काम करणारा माणूस वेळ जास्त घेतो पण तोच हवा. नमुना म्हणून आतल्या एका फळीवर करून दाखवायला सांगा, रंग पटला की मग बाकीचं. जुन्यावर कोणतं पॉलिश आहे ते तुम्ही आधीच तपासलेलं असेल तर तोही नीट बोलतो.

आणि नवीन काम चालू असेल तर अजून एक. व्हिनिअर खऱ्या झाडाचं असतं, एका लॉटचं दुसऱ्याला जुळत नाही, बल्लारशहा-आलापल्लीचा साग असो की बाहेरून आलेला ओक. सुतार उरलेले तुकडे कचऱ्यात टाकतो. त्यातले हातभर लांबीचे दोन-तीन मागून घ्या, मागं तारीख, दुकान आणि पॉलिशचं नाव लिहा, कागदात गुंडाळून दिवाणाच्या खणात सपाट ठेवून द्या.